चवथीची माटोळी, मैफलीची सम आणि हातातला कॅमेरा

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. नोकरी सांभाळून ते हौसेने फोटो काढतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्याबरोबर मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्सच अजून वापरतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळघरी तीस-चाळीस माणसे जमतात आणि पाच दिवसांत हजारभर फोटो निघतात. पण नंतर ते कुणी उघडून बघत नाही, ते स्वतःही नाही. शास्त्रीय गाण्याची आवड आहे, परवानगी काढून मैफलीतही फोटो घेतात. तिथे गवयाचा चेहरा एकतर हललेला येतो, नाहीतर तांबडाभडक. मोठी लेन्स घ्यावी का आणि कॅमेरा दिसला की ताठ होणाऱ्या घरच्या माणसांचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

लेन्सचे शेवटी बोलू. मी गेली सव्वीस वर्षे हेच दोन प्रकारचे फोटो काढत आलो आहे, चवथीचे आणि गाण्याचे. माझ्या मते तुमची अडचण दोन ठिकाणी दिसत असली तरी ती एकच आहे. गोष्ट घडून गेल्यावर तुम्ही बटण दाबता. गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला, श्रोत्यांतून ‘वा’ उमटली, की तुमचा कॅमेरा वर जातो. आरतीत घुमट (मातीच्या घड्याचे वाद्य) रंगात आले की तुम्ही माजघरातून धावत येता. तोवर फोटो होऊन गेलेला असतो. समेचा फोटो हवा तर सम येते आहे हे दोन मात्रा आधी कळले पाहिजे, आणि घरातल्या सणालाही अशाच समा असतात.

आधी घराकडे बघू. चवथीचा चांगला फोटो चवथीच्या दिवशी क्वचितच मिळतो. तो आदल्या दोन दिवसांत असतो, माटोळी बांधताना. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली ती लाकडी चौकट तुम्ही दरवर्षी पूर्ण सजलेली टिपत असाल. पण सकाळी रानात जाऊन आलेला माणूस ओल्या पायांनी पोत्यातून एकेक जिन्नस काढतो आहे, आणि घरातला सर्वांत म्हालगडा (वडीलधारा) माणूस खुर्चीत बसून ‘ते तिथे नको, मध्ये बांध’ म्हणून सांगतो आहे, हा फोटो तुमच्याकडे आहे का? नारळाची पेंड (घड), सुपारीचा घोस, तोरिंजन, आंबाडे, कांगले, कवंडळ, चिबूड. कुठली वस्तू कुठे लटकायची हे ठाऊक असलेला बहुधा एकच माणूस घरात उरलेला असतो. आमच्याकडे अजून केवणीच्या सालीचा दोर वापरतात आणि त्याची गाठ मारणारे हात एकाच चुलत्यांचे आहेत. मी चार वर्षे फक्त ती गाठ टिपत होतो. यंदा तुम्ही एक काम करा. माटोळीतला प्रत्येक जिन्नस बांधण्यापूर्वी सुपात ठेवा, खिडकीच्या उजेडात त्याचा एकेक फोटो घ्या आणि त्याचे नाव, तो कुठल्या डोंगरावरून किंवा कुणाच्या भाटातून (बागेतून) आला, हे म्हालगड्यांच्या तोंडून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते. त्यांत उतरलेल्या माटोळ्यांचे फोटो काढणारे पुष्कळ असतात, पण तुमच्या घरच्या माटोळीची ही नोंद तुमच्याखेरीज कुणी करणार नाही.

मग रांध, म्हणजे स्वयंपाकघर. नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होत असेल तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका, आणि त्यात तोटाही नाही. दाराची चौकट फोटोला आपोआप कड देते आणि बायका तुमच्या अस्तित्वाकडे लक्ष न देता कामात राहतात. जुन्या घरांत रांधेच्या छपरात एखादे काचेचे कौल असते. त्यातून उतरणारा उजेड हा सबंध घरातला सर्वांत देखणा उजेड आहे, साधारण दहा ते बारा या वेळात. हळदीच्या पानांतल्या पातोळ्या उकडून झाकण निघाले की वाफ वर येते. ही वाफ पाठीमागून उजेड पडला तरच फोटोत दिसते, समोरून पडला तर नाहीशी होते. म्हणून कौलाच्या उजेडाच्या समोरच्या बाजूला उभे राहा, मागची भिंत काळी येऊ द्या, कॅमेरा सांगतो त्यापेक्षा उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी ठेवा आणि झाकण उघडायची वाट पाहा. कधी उघडणार हे कळायला तुम्हाला पातोळ्यांना किती वेळ लागतो हे माहीत हवे. फोटोग्राफीच्या पुस्तकात ते मिळणार नाही, आईला विचारा.

घरच्यांच्या ताठपणाचे कारण कॅमेरा नाही. वर्षानुवर्षे तुम्ही त्यांचे फोटो नेता आणि ते त्यांना परत कधी दिसत नाहीत, हे आहे. आदल्या दिवशी सकाळपासून कॅमेरा गळ्यात अडकवा, पण पहिला तासभर एकही फोटो काढू नका. नारळ सोला, खोबरे खवायला बसा, पाट पुसून द्या. दुपारी जे टिपाल त्यातले आठ-दहा फोटो दुसऱ्या दिवशी छापून आणून माणसांच्या हातात द्या. गावातल्या स्टुडिओत पोस्टकार्डाएवढे प्रिंट लगेच मिळतात. तिसऱ्या दिवशी मावशी स्वतःहून म्हणेल, ‘अरे, मी नेवऱ्या (करंज्या) भरते आहे, इकडे ये.’ ‘हसा’ हा शब्द मात्र पाचही दिवस तोंडातून काढायचा नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मनावर घ्या. आमच्या एक काकी वारल्या तेव्हा बाराव्याला ठेवायला फोटो हवा म्हणून मला विचारले. माझ्याकडे चौदा चवथींचे फोटो होते. मी दोन रात्री बसून सगळे चाळले. काकी होत्या, पण पंगतीच्या कडेला वाढणारा हात म्हणून, कुणाच्या तरी खांद्यामागे अर्ध्या कपाळाची म्हणून, आरतीत सगळ्यांच्या मागे अंधारात. पूर्ण चेहरा एकाही फोटोत नव्हता. त्या सतत काम करत होत्या आणि मी सतत गणपतीकडे बघत होतो. शेवटी एका भाच्याच्या मुंजीतल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा केला, धूसर, आणि तोच फ्रेममध्ये गेला. तेव्हापासून दुसऱ्या रात्री मी घरातल्या सगळ्यांची नावे कागदावर लिहितो आणि ज्यांचा फोटो मनासारखा मिळाला त्यांच्यापुढे खूण करतो. उरलेली नावे बहुतेक वेळा राबणाऱ्या बायकांची आणि कोपऱ्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची असतात. तिसरा दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवतो. तुम्हीही ठेवा.

आरतीचे दोन-तीन बारकावे. सगळी माणसे गणपतीकडे तोंड करून असतात, म्हणून मागून काढलेल्या फोटोत पाठीच पाठी येतात. घरच्यांना आधी विचारून मखराच्या बाजूला, भिंतीला टेकून उभे राहा, म्हणजे देवाला पाठ होत नाही आणि निरांजनाच्या उजेडातले चेहरे समोर येतात. मखराभोवतीच्या पळणाऱ्या रंगीत माळा आरतीपुरत्या एका रंगावर स्थिर करून घ्या आणि शक्य असेल तर ट्यूबलाइट बंद ठेवायला सांगा. दिव्याच्या ज्योतीचा उजेड अतिशय पिवळा असतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो पुसून पांढरा करायला बघतो. हाताने तीन-साडेतीन हजार केल्विनवर ठेवा, चेहऱ्यांवर सोनेरी ऊब राहील. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची, म्हणजे ट्यूब आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. त्यामुळे वेगवान शटरवर एक फोटो उजळ, एक काळपट, एकात आडवे पट्टे असे होते. घरात शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलेत तर हा त्रास बहुतेक संपतो.

आणि घुमट. मातीच्या घड्याच्या तोंडाला पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे, आता बकऱ्याचे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. वाजवणाऱ्याचा एक हात कातड्यावर आणि दुसरा मागच्या तोंडावर उघडझाप करत असतो. सगळे लोक थाप मारणारा हात टिपतात. मागचा हात बघा, त्या वाद्याचा आवाज घुमतो तो त्या तळव्याने. १/३० वर धरलेत तर दोन्ही हात धुरासारखे येतात आणि चेहरा स्थिर राहतो. मला हा फोटो गोठवलेल्या फोटोहून आवडतो. घुमटाच्या साथीला शामेळ हे लहान चर्मवाद्य असते. शामेळवाल्याकडे लक्ष ठेवा, लय चढायच्या आधी तो घुमटवाल्यांकडे बघतो. ती नजर म्हणजे तुमच्या दोन मात्रा.

पावसाळ्यातल्या गोव्यात कॅमेरा सांभाळणे हाही या छंदाचाच भाग आहे. वातानुकूलित गाडीतून उतरून थेट राजांगणात (घराच्या मधल्या चौकात) कॅमेरा काढलात तर काचेवर दव धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबा. ओल राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते आणि एकदा आत शिरली की ती काढणे खर्चिक असते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि चार-पाचशे रुपयांचे आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवा. चामड्याच्या बंद पिशवीत वर्षभर कॅमेरा ठेवणे सर्वांत वाईट.

दिवाळी, तुळशीचे लग्न, शिगमो (शिमगा) यांवर वेगळे लिहीत नाही. एवढेच सांगतो की दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांचे फोटो सगळ्या शहराकडे असतात. ती पहाट घरात काढा. तुळशीपुढे कारीट फोडणारी टाच, उटण्याचे वास येत असलेली ओली डोकी, पानात वाढलेले चार तऱ्हेचे फोव (पोहे). मुलांचे अभ्यंगाचे फोटो मात्र घराबाहेर कुणाला पाठवू नका.

आता मैफल.

तुम्ही गाणे ऐकता, ही तुमची सर्वांत मोठी भांडवलाची गोष्ट आहे आणि फोटो काढताना नेमकी तीच तुम्ही बाजूला ठेवता. पहिला पाऊण तास कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते ऐका. विलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालते. इतका वेळ दुसऱ्या कुठल्या विषयात फोटोवाल्याला मिळतो? गवई कुठल्या अक्षरावर मुखडा (समेकडे नेणारी ओळ) उचलतो, उचलताना तबलजीकडे बघतो की डोळे मिटतो, समेवर हात खाली येतो की उघडतो, हे दोन-तीन आवर्तनांत ध्यानात येते आणि त्या गवयाचे ते त्या दिवशी फारसे बदलत नाही. मग कॅमेरा डोळ्याला लावून वाट पाहा. सम पडताक्षणी एक आणि त्यानंतर श्वास सुटतो तेव्हा एक, असे दोनच फोटो. दुसरा बहुतेक वेळा चांगला निघतो. द्रुत तानेत चेहरे वेडेवाकडे होतात, तोंड पूर्ण उघडते. असे फोटो काढूच नयेत या मताचा मी आहे. ती त्या कलाकाराच्या श्रमाची खूण असते, पण स्थिर चित्रात ती कुचेष्टा होऊन बसते.

जागा आधी ठरवा. प्रेक्षकांतून बघताना तबला बहुधा गवयाच्या डावीकडे आणि पेटी उजवीकडे असते. गवई तबलजीकडे वळतो तेव्हा त्याचा चेहरा तुम्हाला हवा, तर तुम्ही तबल्याच्या बाजूला बसायला हवे. मायक्रोफोन तोंडावर येतो ही सगळ्यांची तक्रार असते. दीड हात सरकून बसलात तर तो गालाच्या बाहेर जातो, पण हे सरकणे गाणे सुरू होण्यापूर्वी करायचे. एकदा षड्ज लागला की दोन रागांमधल्या टाळ्यांपर्यंत जागेवरून हलायचे नाही. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांना विसरू नका. गुरूने एखादी अवघड जागा घेतली की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मुख्य कलाकाराच्या चेहऱ्यावरही नसते.

तांबड्या चेहऱ्याचे कारण सोपे आहे. आजकाल मंचावर एलईडीचे शुद्ध तांबडे-निळे झोत टाकतात. कॅमेऱ्याच्या साध्या आलेखात उजेड बरोबर दिसतो, पण एकटा लाल रंग त्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि गालावरचे बारकावे जळून जातात. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्रॅम, म्हणजे उजेडाचा आलेख, चालू करा, लाल टोकाला चिकटला की एक स्टॉप खाली या आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, काढा. तरीही साधले नाही तर कृष्णधवल करा. आणखी सोपा उपाय म्हणजे आधी जाऊन दिवेवाल्याला भेटा, ख्यालाच्या वेळी साधा उबदार पांढरा उजेड ठेवता येईल का असे नम्रपणे विचारा. मी विचारले तेव्हा बहुतेकांनी आनंदाने ठेवला आहे. मंचामागचा काळा पडदा कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो, हे चेहरा बिघडण्याचे दुसरे कारण. अंधार बघून कॅमेरा सगळेच उजळ करायला जातो आणि चेहरा पांढरा फटक पडतो. एकाच ठिपक्याचा उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने गालावरचा उजेड एकदा मोजा, मग सगळे हाताने ठेवून द्या. बसून गाणाऱ्यासाठी १/१२५ ते १/१६०, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) ३२०० किंवा ६४०० सुद्धा. दाणे दिसले तर दिसू देत, हललेला चेहरा मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

शांततेबद्दल कडक राहा. एका देवळाच्या सभामंडपातल्या बैठकीत माझ्या कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा चालू राहिला होता. मारवा रागाची आलापी चालली होती, गाणाऱ्या बाईंचे डोळे मिटलेले होते, आणि तो नारिंगी ठिपका त्यांच्या पापणीवर पडला. त्यांनी डोळे उघडले. काही बोलल्या नाहीत, पुन्हा षड्ज घेतला, पण तो स्वर जिथे होता तिथे परत यायला दहा मिनिटे गेली. त्या दिवशी माझ्यामुळे दोनशे माणसांनी दहा मिनिटे गमावली. फ्लॅश, तो दिवा, फोकसचा बीप आणि कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीन, हे चारही घरूनच बंद करून निघा. मूक शटर वापराच, पण एलईडीखाली त्याने पट्टे येतात, म्हणून ध्वनिचाचणीच्या वेळी जाऊन कुठल्या वेगावर पट्टे जातात ते तपासून घ्या. देवळात गर्भगृहाकडे कॅमेरा वळवू नका, आणि आयोजकांची परवानगी ही कलाकाराची परवानगी नव्हे, ती वेगळी मागा.

मंचाखेरीजही बघा. पणजीच्या कला अकादमीत, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या त्या वास्तूत, दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगवले होते. गायिका केसरबाई केरकरांच्या नावाच्या समारोहाला गेलो असताना मध्यंतरात मी वरचे रंगवलेले आणि खालचे खरे श्रोते एका चौकटीत घेतले होते. त्या संध्याकाळी काढलेल्या गवयांच्या फोटोंपेक्षा तोच मला अधिक जपावासा वाटतो.

हजार फोटो कुणी उघडत नाही कारण ते हजार आहेत. पाच दिवसांतले चाळीस निवडा, एका मैफलीतले सहा. निवड त्याच रात्री करू नका, पंधरा दिवस जाऊ द्या. एकाच हार्डडिस्कवर विसंबून मी दोन वर्षांच्या चवथी गमावल्या आहेत. तेव्हापासून तीन प्रती ठेवतो, त्यातली एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे म्हापशाला. निवडलेले चाळीस मात्र छापा आणि मागे मऊ पेन्सिलीने नावे, नाते, वर्ष लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आता लेन्स. ७०-२०० ची मोठी लेन्स घेऊ नका. ती लाखाच्या पुढे जाते, किलोहून जड असते, आणि ती घेऊन रांधेच्या उंबऱ्यात उभे राहिलात तर सगळे पुन्हा ताठ होतील. तुमची १८-५५ पूर्ण पुढे नेली की एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे तुम्हाला १/१५ वर चेहरा हललेला मिळत होता तिथे १/१५० मिळेल, दुसरे काही न बदलता. तुमच्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ती थोडी लांबची होते, तिसऱ्या रांगेतून गवयाचा कमरेपर्यंतचा फोटो नीट येतो. माटोळीला नि पंगतीला तुमची जुनी १८ पुरते.

घ्यायची तर श्रावणापूर्वी घ्या. श्रावणात वास्कोचा दामोदराचा सप्ताह असतो, चोवीस तास भजन अखंड चालते, पथकामागून पथक बसत जाते. चवथीला तेव्हा चारेक आठवडे उरलेले असतात. रात्री दोननंतर गर्दी ओसरली की एका खांबाला टेकून बसा, पहिले तीन अभंग नुसते ऐका, आणि पखवाजवाल्याची मान कधी वर येते ते बघत राहा.